कार्टिंग: सेशननंतर फक्त डाव्या बरगड्या दुखतात, जाड रिब व्हेस्ट घ्यावं का?

कार्टआई
मुलगी १० वर्षांची, वजन ३१ किलो, कार्ट (छोटी, उघडी शर्यतीची गाडी) चालवते. दुसऱ्या सेशननंतर डाव्या कुशीत, खालच्या तीन-चार बरगड्यांवर दुखतं. उजवीकडे काहीच नाही. कपडे बदलताना कातडीवर आडवी लाल रेघ दिसते, रात्रीपर्यंत ती जाते. दाबलं की दुखतं, श्वास घेताना नाही. रिब व्हेस्ट (बरगड्या झाकणारं कडक कवच) घालते. सीट फायबरची आहे, मुलगी वाढतेय म्हणून एक साइज मोठी घेतली होती. मोकळी वाटली म्हणून डावीकडे दोन सेंटीमीटर जाड मऊ स्पंज चिकटवला. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतो. आणखी जाड व्हेस्ट घेतलं तर फरक पडेल का?

चासीवाला
ताई, व्हेस्टचं नंतर बघू, आधी सीट. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, वाढत्या अंगाची सीट चालत नाही.

कार्टला सस्पेन्शन नाही आणि ड्रायव्हरला पट्टाही नाही. शरीर धरून ठेवायला सीट, स्टिअरिंग आणि पायांचा रेटा एवढंच. चिकट टायरवर वळणात दीड-दोन जी (वजनाच्या दीड-दोन पट जोर) सहज येतात, म्हणजे ३१ किलोचं मूल बाजूला ४५ ते ६० किलोच्या जोराने ढकललं जातं. सीटने कंबर घट्ट धरली असेल तर यातला मोठा वाटा कंबरेचं हाड घेतं. कंबर सैल असेल तर मूल आधी घसरतं आणि मग सीटच्या वरच्या कडेवर बरगड्यांनी आदळतं. काट्यांच्या दिशेच्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात आणि उजव्या वळणात अंग डावीकडे जातं. म्हणून दुखणं एकाच बाजूला. ती लाल रेघ म्हणजे सीटची कडच आहे.

स्पंज आजच काढा. मऊ स्पंज दाबून शून्य होतो. तोवर अंगाला वेग आलेला असतो आणि खाली कडक फायबर तयारच असतं. पॅडिंग लावायचंच तर ३ ते ५ मिलीमीटरचा, पाणी न शोषणारा घट्ट फोम, दोन्ही बाजूंना सारखा आणि कंबरेपासून वर सलग लावा. फक्त दुखतं तिथे ठिगळ लावलं की त्या ठिगळाची कड नवी टोचायला लागते.

तपासणी अशी करा. मुलीला पूर्ण कपडे, व्हेस्ट आणि सूट घालून सीटमध्ये बसवा, पाठ आणि कंबर पूर्ण मागे टेकलेली. कंबरेच्या दोन्ही बाजूंना तुमचा सपाट तळहात आत जायला नको. बरगड्यांपाशी मात्र बोटं सपाट सरकली पाहिजेत. तिथे चिमटा नको, पोकळीही नको. मग सीटच्या दोन्ही वरच्या कडांना ओला खडू घासा आणि पाच लॅप मारून आणा. व्हेस्टवर खडूचा रुंद, फिकट पट्टा आला तर दाब पसरतोय. बारीक, ठळक रेघ आली तर कडच टोचतेय.

आतून बोट फिरवूनही बघा. बोल्टची डोकी सपाट, सीटमध्ये बसणारी हवीत, खाली मोठा वॉशर हवा. वजन भरायला लावलेल्या शिशाचा बोल्ट बरगड्यांच्या उंचीवर असेल तर तो तिथून हलवाच. खालच्या ब्रॅकेटपाशी फायबरला केसासारखी चीर असेल तर वळणात सीट आत मिटते आणि बरगड्या आवळते. अशी सीट दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या.

ट्रॅककोच
चासीवाल्यांशी सहमत. व्हेस्ट ही शेवटची भिंत आहे, पण ती नीट उभी असली पाहिजे.

व्हेस्ट नेहमी बसवून तपासायचं. उभं असताना छान दिसणारं व्हेस्ट बसल्यावर मांडीने वर ढकललं जातं आणि शेवटच्या दोन बरगड्या उघड्या पडतात. बसलेल्या अवस्थेत खालची कड शेवटच्या बरगडीच्या खाली आली पाहिजे, पण मांडीत रुतता कामा नये. पट्टे इतके घट्ट की दोन्ही हात वर केले तरी व्हेस्ट फिरत नाही, आणि इतके सैल की छाती भरून श्वास घेता येतो. एक साइज मोठं व्हेस्ट सीटपेक्षाही वाईट, कारण त्याचं कडक कवच चुकीच्या जागी जाऊन बसतं.

लेबल वाचा. एफआयए (मोटर रेसिंगची आंतरराष्ट्रीय संस्था) ८८७०-२०१८ हे खास कार्टिंगच्या अंगरक्षकाचं मानक आहे, त्यात छाती आणि बरगड्या दोन्ही धरल्या आहेत. एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षा साहित्याची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) २०.१ हे मुलांच्या छातीच्या संरक्षकाचं मानक. स्टिअरिंग छातीवर आदळून हृदयाचा ठोका बिघडू नये हा त्याचा हेतू, तेव्हा ते लेबल पाहून बरगड्याही झाकल्या असं समजू नका. मोठ्या आदळआपटीनंतर कवच वाकवून बघा. करकर आवाज आला किंवा पांढरी रेघ उमटली तर व्हेस्ट बदलायचं.

आता बसण्याकडे या. स्टिअरिंग लांब असेल तर मूल पाठ सोडून पुढे ओढलं जातं आणि प्रत्येक वळणात पिळलं जातं. कोपर स्पष्ट वाकलेलं हवं, पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. वळणात आत झुकायची सवय मोडा. मोटरसायकलवर ते ठीक, कार्टमध्ये त्याने बरगड्या कडेवर दुमडतात. उंच कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) पुढचे काही आठवडे सोडून द्यायला सांगा. बाजूला येणारा दाब सोसवतो, पण दाबलेल्या बरगडीवर खालून बसलेला दणका सोसवत नाही.

कार्टआई
खडू लावून पाहिलं. बारीक रेघच आली, तीही व्हेस्टच्या खालच्या कडेच्या दोन बोटं खाली, सुटावर. म्हणजे व्हेस्ट वर सरकतंय. कंबरेपाशी तळहात आरामात आत जातो. सीट आणि व्हेस्ट दोन्ही बदलते. पण येत्या रविवारी शर्यत आहे. वेदनाशामक गोळी देऊन चालवू दिली तर?

बालफिजिओ
नको, ताई. गोळी दुखणं झाकते, इजा थांबवत नाही. दुखलं की मूल आपोआप अंग सावरतं, ते सावरणंच तुम्ही काढून घ्याल. ॲस्पिरिन तर मुलांना स्वतःहून कधीच देऊ नये.

मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, पुढचा भाग कूर्चेचा. त्या मोडण्याऐवजी आत दबतात आणि मार आतल्या अवयवांपर्यंत जातो. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. साध्या एक्स-रेत बारीक तडे सुटतात आणि कूर्चा तर दिसतच नाही.

सीटच्या रोजच्या घासण्याने झालेलं दुखणं वेगळं आणि एका जोरदार धडकेनंतरचं वेगळं. धडकेनंतर धाप लागली, खोकल्यात रक्त आलं, पोट कडक झालं, चक्कर किंवा उलटी आली, लघवी लाल झाली, किंवा डाव्या बरगड्यांना मार बसून डावा खांदा दुखू लागला, तर थेट रुग्णालय. डाव्या खालच्या बरगड्यांच्या आत प्लीहा असते, उजवीकडे यकृत. खांद्याला काही लागलेलं नसताना खांदा दुखणं ही प्लीहेची खूण असू शकते, ती लोक हमखास दुर्लक्षित करतात.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे घासण्याचं वाटतं, पण हाडावर नेमक्या एका बिंदूवर बोट ठेवल्यावर ती कळवळत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीला पट्टा आवळून बांधू नका. श्वास उथळ होतो, कफ साचतो. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन वेळा.

परत कधी? खोल श्वास, खोकला, हसणं, त्या कुशीवर झोपणं आणि बोटाने दाबणं, या पाचांतही दुखत नसेल तेव्हा. मग पहिल्या दिवशी पाच-सहा लॅपचे दोनच फेरे, मध्ये कातडी बघायची. रेघ दिसली की थांबायचं. बरगडीला तडा असेल तर साधारण सहा आठवडे धरा. दरम्यान कुशीवरचा प्लँक (कोपरावर टेकून अंग सरळ उचलून धरणं), दुखत नसेल तरच, गुडघे टेकवून १५ सेकंदांपासून सुरू करा. दोन्ही बाजूंना सारखाच.

चासीवाला
नवी सीट बसवताना एक चूक सगळेच करतात, ती टाळा. सीट आणि ब्रॅकेटमध्ये फट राहिली की बोल्ट आवळून फट मिटवतात. त्याने फायबर ओढलं जातं, सीटचा आकार बदलतो आणि वरची बाजू आत येते. दुकानात नीट बसलेली सीट मग कार्टवर टोचते. फटीत स्पेसर (फट भरायच्या चकत्या) भरा, बोल्ट फक्त धरण्यापुरता. कड टोचते म्हणून सीट वर उचलू नका, वजन वर गेलं की कार्ट वळणात उड्या मारायला लागते आणि तेच दणके बरगड्यांना. कड गोल करायची असेल तर मास्क आणि हातमोजे घालून आधी ८० नंबरचा, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर, वर रबरी बीडिंग. ड्रिल करण्याआधी मुलीला नवं व्हेस्ट घालून पुन्हा बसवा आणि दर तीन महिन्यांनी ती तळहाताची तपासणी करत राहा.