जुने वॉशिंग मशीन घरी उघडणे हा मूर्खपणा कसा?

पाना_पक्कड
"दहा वर्षे वापरलेले सेमी-ऑटोमॅटिक घरी खोलत बसणे हा मूर्खपणा आहे, भंगारात द्या आणि नवे आणा," असे काल 'नवे_घ्या' यांनी लिहिले. हे मला मुळीच मान्य नाही. त्या यंत्रात दोन मोटारी, दोन टायमर, एक पट्टा, गिअरबॉक्स आणि स्पिनरचा ब्रेक यांपलीकडे फारसे काही नसते. मोटार नुसती गुणगुणत असेल, आणि प्लग काढून पुली हाताने फिरवल्यावर ती मोकळी फिरत असेल, तर दोष बहुधा कपॅसिटरचा, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणाऱ्या सुट्या भागाचा असतो. त्यात साठलेला विद्युतभार बल्ब लावलेल्या होल्डरमधून उतरवावा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा व तेवढ्याच व्होल्टचा नवा जोडावा. आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने याच दोषासाठी अख्खी मोटार बदलायला सांगितले होते.

नवे_घ्या
कपॅसिटर सोपा आहे म्हणून सगळेच सोपे ठरत नाही. स्पिनरच्या तळाचा रबरी सील झिजला की पाणी शाफ्टवरून ओघळून खालच्या मोटारीवर पडते. लोक सील बदलण्याऐवजी वरून काहीतरी लिंपतात, मोटार ओलीच राहते आणि एक दिवस पत्र्याच्या बॉडीत करंट उतरतो. माझ्या मावशीला ओल्या फरशीवर अनवाणी उभी असताना असाच धक्का बसला. ते मशीन घरीच 'दुरुस्त' केलेले होते.

निवृत्त_वायरमन
मावशींना धक्का बसला तो केवळ सीलमुळे नव्हे, तर आर्थिंग नसल्यामुळे. जुन्या चाळींत सॉकेटला तिसरी तार जोडलेलीच नसते, आणि काही जण तर प्लगची जाड पिनच कापून टाकतात. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, अतिभार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या काही मिलिअँपिअरच्या प्रवाहाने तो पडत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विचच लागतो.

ठाणेकर
आर्थिंग नसेल तर आरसीसीबीचा काडीचाही उपयोग नाही. उगाच लोकांना खर्चात पाडू नका.

निवृत्त_वायरमन
हे विधान चुकीचे आहे आणि ते वाचून कोणी गाफील राहिले तर जिवावर बेतेल. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतील फरक आरसीसीबी ओळखतो. त्याला आर्थिंगची तार लागत नाही. आर्थिंग असेल तर पुरेशी गळती सुरू होताच वीज तुटते, आणि नसेल तर माणसाचा हात लागून धक्का बसल्यावर. म्हणून दोन्ही हवेत. मी आयुष्यभर हेच काम केले आहे, आणि ऐकीव माहितीवर कोणी असे ठामपणे लिहिले की मला राग येतो.

ठाणेकर
आवाज चढवण्याची गरज नव्हती. आर्थिंगशिवायही तो पडतो, एवढे मान्य करतो. पण आधी आर्थिंगच करून घ्यावे, हे आपलेही म्हणणे दिसते.

सुगरण_सांगली
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. खरी अडवणूक फ्रंट लोडमध्ये आहे. कित्येक मॉडेलमध्ये टबचे दोन भाग कायमचे जोडून टाकलेले असतात, त्यामुळे बेअरिंग गेले की पूर्ण टब विकत घ्यावा लागतो, आणि पीसीबीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची किंमत ऐकून माणूस आपोआप नव्या मशीनकडे वळतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, पण माझ्या मशीनचा पीसीबी मला आजतागायत सुटा मिळालेला नाही. त्यामानाने आईचे सेमी-ऑटोमॅटिक कितीतरी बरे! त्याची ॲल्युमिनियम वाइंडिंगची मोटार जळाली तेव्हा भावाने तांब्याच्या वाइंडिंगची बसवली, जोडीला पट्टा आणि ड्रेनचा पाइप बदलला, आणि आता ते भिजलेली सोलापुरी चादरसुद्धा न अडखळता फिरवते.

नवे_घ्या
कपॅसिटर, पट्टा आणि पाइप यांपुरता 'मूर्खपणा' हा शब्द मागे घेतो. सील मात्र मी कोणालाही घरी बदलू देणार नाही.

पाना_पक्कड
सील बदलल्यावर स्पिनरमध्ये पाणी ओतून, प्लग न लावता, खालची मोटार कोरडी राहते का ते पाहावे. ती रात्रभर कोरडी राहिली तरच मशीन सुरू करावे. एवढे केल्यावरही आपला आक्षेप उरत असेल, तर तो नेमका कशावर आहे ते लिहावे.