होडी समुद्रात चालते, मग डिझेलमध्ये रस्त्याचा कर कशाला?

हर्णैचा_नाखवा:
आमची सहा सिलिंडरची होडी. फेरीचा खर्च मांडायला बसलं की पहिलं डिझेल, मग बर्फ, रेशन, खलाशी. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत तेलाचा भाव शून्याखाली गेला, पण आमच्या पंपावर काट्याइतकाही फरक नाही. जूनपासून मात्र रोज वाढ सुरू. असं कसं होतं? आणि 'तुम्हाला परतावा मिळतो ना' असं लोक ऐकवतात, तो कशाचा?

हिशेबी_मुलुंडकर:
डिझेलचा भाव ऑक्टोबर 2014 पासून बाजारावर सोडलाय, पण चढाच्या वेळेपुरता. तेल उतरलं की केंद्र अबकारी वाढवतं. मार्च 2020 मध्ये लिटरमागे 3 रुपये, मे महिन्यात आणखी 13. पंपावरचा भाव हलला नाही, कारण तुमच्या वाटची स्वस्ताई मधल्यामध्ये तिजोरीत गेली.

2021 च्या अर्थसंकल्पानंतर डिझेलवर केंद्राचे 31.80 रुपये होते. त्यात मूळ अबकारी फक्त 1.80, विशेष अबकारी 8, शेती उपकर 4 आणि रस्ते व पायाभूत सुविधा उपकर तब्बल 18. राज्यांना वाटा मिळतो तो त्या 1.80 मधूनच. मग राज्यं तरी आपला व्हॅट कशाला सोडतील? मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

रेवस_बंदर:
नाखवा, परतावा राज्याच्या व्हॅटचा. आधी पूर्ण पैसे भरायचे, मग मच्छीमार सोसायटीमार्फत कागद, मग वाट बघायची. तोवर पुढच्या फेरीचं डिझेल उधारीवर. केंद्राचा एक पैसा परत येत नाही.

आणि तेलाची किंमत पंपावरच संपते थोडीच! मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या, फलाटांभोवती 500 मीटर जाळं टाकता येत नाही. पावसाच्या तोंडावर समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे किनाऱ्याला लागतात. जाळ्याला चिकटले की घासून हात सोलतात, तरी काळं जात नाही. त्याची भरपाई कोण देणार?

हिशेबी_मुलुंडकर:
एक राहिलं. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 च्या कपातीत तो रस्ते उपकर 18 वरून 2 वर आला.

हर्णैचा_नाखवा:
म्हणजे मनात आणलं तर उतरतो! मग मासेमारीच्या डिझेलवरचा पूर्णच काढा, एवढीच मागणी. सोसायटीच्या सभेत ठराव मांडतो. रेवसकर दादा, तुमच्याकडे 2021 ची डिझेलची बिलं असतील तर जपून ठेवा, सोबत जोडू.