मदत हवी आहे : इंग्रजीतले फसवे उपसर्ग आठवीला कसे शिकवायचे?

परभणीकडच्या मराठी माध्यमाच्या वर्गासाठी विचारतोय. नकार दाखवणाऱ्या ‘इन’चा नियम मुलांना लवकर बसतो: पुढं प, ब, म आला की इम्पॉसिबल, ल आला की इल्लीगल, र आला की इर्रेग्युलर. असेच नकाराचे उपसर्ग लागलेले गैरहजर, बेफिकीर, नालायक हे शब्द तर आपल्याकडं घरोघरी. अडतं ते ‘अन’पाशी. अनहॅपी म्हणजे आनंदी नसलेला, पण अनटाय म्हणजे बांधलेलं सोडणं! विशेषणाला नकार, क्रियापदाला उलटी क्रिया. उपसर्ग काढून उरलेला शब्द तपासायला सांगितला की अंकल, अंडर गळतात. इनव्हॅल्युएबल मात्र या चाचणीत पास होतो आणि अर्थ ‘किंमत नसलेला’ नव्हे, तर अमूल्य निघतो. इन्फ्लेमेबलचंही तेच, अर्थ ‘न जळणारा’ नव्हे, तर ज्वलनशील.

इंग्रजीच्या सर-मॅडमनी सांगावं: असे अपवाद नियमासोबतच द्यावेत की नंतर? आणि अनहॅपी पण डिसऑनेस्ट, ही निवड पाठांतराशिवाय कशी करून घेता?