विषय: शनिवारचा सराव – चौथा प्रश्न कसा छापायचा?

प्रेषक: मृणाल (युवा समिती)
बुधवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

शनिवारी मुलांकडून जॉब फेअरमध्ये कंपन्यांशी बोलण्याचा सराव करून घ्यायचा आहे. त्याचे प्रश्नांचे कागद उद्या रात्रीपर्यंत छापायला द्यायचे आहेत आणि चौथ्या प्रश्नावर घोडं अडलंय. "आता किंवा पुढे कधी व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का?" (म्हणजे कामाच्या व्हिसासाठी कंपनीला अर्ज करावा लागेल का) या प्रश्नासमोर गेल्या वर्षीच्या कागदावर "विषय शक्यतो टाळावा" असं छापलेलं आहे. तसंच ठेवायचं का?

पर्ड्यू विद्यापीठातून येणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं ऑगस्टमध्येच भारतातून आलीत आणि इंडस्ट्रियल राउंडटेबल हा तिथला जॉब फेअर पुढच्याच आठवड्यात आहे. अजून त्यांचं बँकेचं खातंसुद्धा धड उघडलेलं नाही. आपण शनिवारी जे सांगू, तेच ती कंपन्यांच्या बूथवर बोलणार.

कृपया या धाग्यावर फक्त चौथ्या प्रश्नाबद्दल लिहा. जेवणाचं विद्याताई बघताहेत.

मृणाल

---

प्रेषक: सुधीर
बुधवार, रात्री १०:१५

मृणाल, आहे तेच ठेव. तो कागद मी बनवला होता आणि विचार करूनच बनवला होता.

बूथवर एका मुलाला मिळतात दोन मिनिटं, मागे लांबलचक रांग असते. त्यातला अर्धा वेळ व्हिसात गेला तर त्याचं काम दिसणार कधी? माझ्या भाच्याने गेल्या वर्षी एका बूथवर हात मिळवतानाच "मी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे" असं सांगितलं. समोरच्या माणसाने रेझ्युमे हातात घेतला नाही. त्याच कंपनीत त्याच्याबरोबरच्या मुलाशी पंधरा मिनिटं गप्पा झाल्या, कारण त्याने सुरुवात गिअरबॉक्सच्या प्रोजेक्टपासून केली.

शिवाय ओपीटीची, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची, तीन वर्षं कंपनीला काहीच करावं लागत नाही. मग "नाही लागत" म्हटलं तर काय चुकलं?

सुधीर

---

प्रेषक: अनघा
गुरुवार, सकाळी ६:५०

सुधीर, पहिला भाग पटला, शेवटचं वाक्य अजिबात नाही. ते वाक्य शनिवारी कुणी मुलांना सांगू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी टेबलाच्या पलीकडे उभी राहते, कंपनीच्या बाजूने. प्रश्नात "आता किंवा पुढे" असे दोन काळ मुद्दाम घातलेले असतात. पुढे एच-१बी, म्हणजे कंपनीने अर्ज करायचा कामाचा व्हिसा, लागणार हे माहीत असताना अर्जावर "नाही" ही खूण केली, तर ते खोटं विधान ठरतं. आणि ते लपत नाही. स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांच्या) वाढीव ओपीटीसाठी आय-९८३ हा प्रशिक्षणाचा फॉर्म कंपनीलाही भरून सही करून द्यावा लागतो. त्या दिवशी मॅनेजर अर्ज उघडून बघतो आणि मुलाचा शब्द कायमचा उतरतो. नोकरी जाण्याइतकीच ही गोष्ट वाईट आहे.

"काहीच करावं लागत नाही" हेही पूर्ण बरोबर नाही. पहिल्या १२ महिन्यांना खरंच काही लागत नाही. पुढच्या २४ साठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाचा अधिकार तपासण्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत) असावी लागते, वर हा फॉर्म. छोट्या कंपन्या कित्येकदा ई-व्हेरिफायमध्ये नसतात.

माझ्या मते कागदावर थेट उत्तरच छापावं (सीपीटी म्हणजे शिकत असतानाच काम करण्याची परवानगी):

"इंटर्नशिपसाठी मला सीपीटी मिळतं. त्याची परवानगी विद्यापीठ देतं, कंपनीला व्हिसाचा अर्ज करावा लागत नाही, फी नाही. डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी, माझी शाखा स्टेममध्ये असल्याने आणखी २४ महिने. त्यानंतर काम सुरू ठेवायचं तर एच-१बी लागेल."

चार वाक्यं, वीस-पंचवीस सेकंद. खरं आहे, आणि कंपनीच्या सोयीचा भाग आधी येतो. अनेक नवे रिक्रूटर दोन-तीन वर्षांपूर्वीच कॉलेजातून निघालेले इंजिनिअर असतात. त्यांना "व्हिसा" म्हटलं की थेट वकील आठवतो, इंटर्नशिपला तसलं काही लागत नाही हे त्यांना माहीत नसतं. मुलाने शांतपणे सांगितलं तर त्यांनाही बरं वाटतं.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांतकाका
गुरुवार, सकाळी ८:०५

सर्वांना नमस्कार.

अनघाचं वाचलं. आमच्या वेळी प्रॅक्टिकल ट्रेनिंगचे १२ महिने संपले की संपलं. १७ महिन्यांची वाढ २००८ साली आली आणि तिचे २४ महिने २०१६ साली झाले. मुलांना हे माहीत असावं, म्हणजे जुन्या माणसांचे सल्ले कोणत्या काळातले आहेत ते त्यांना कळेल.

पण चौथ्या प्रश्नात एवढं अडकण्यापेक्षा मुलं कोणाच्या बूथवर जाणार आहेत ते बघा. सगळी रांग मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपुढे. आपण इंडियानात राहतो. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्य कार्यालय कोलंबसला, आपल्यापासून तासाभरावर. आणि कमिन्स पुण्यात १९६२ पासून आहे, किर्लोस्कर कमिन्स या नावाने सुरू झालेली. कोथरूडचा कारखाना पुण्याच्या कुठल्याही मुलाने बाहेरून तरी पाहिलेला असतो, फलटणचा मोठा प्रकल्प आहे, आणि कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेज १९९१ पासून आहे. त्या कॉलेजची मुलगी बूथवर गेली तर बोलायला विषय शोधावा लागणार नाही. लाफायेतमध्ये कॅटरपिलरचा मोठ्या इंजिनांचा कारखाना आहे, तिथेच १९८९ पासून सुबारूच्या गाड्या तयार होतात. पर्ड्यूच्या मुलांना बसने जाता येईल अशा अंतरावर!

मेकॅनिकलच्या मुलांची तयारी मी घेईन. डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं काय करतात, युरिया कशासाठी फवारतात, एवढं तरी यावंच. सीओईपीवाल्यांना मी सोडणार नाही.

श्रीकांत

---

प्रेषक: विद्या (गणेशोत्सव)
गुरुवार, सकाळी ९:३०

मृणाल, धाग्याबाहेरचं आहे, पण लिहावंच लागतंय.

सराव आमच्या बेसमेंटमध्ये असं कुणी परस्पर कळवलं? तिथे मखर उभं आहे आणि खांबांचा रंग अजून ओला आहे. सुटातली मुलं त्यातून ये-जा करणार, कुणाच्या बाहीला सोनेरी रंग लागला तर दुसरा सूट आणायचा कुठून? आणि खांब खराब झाले तर मंगळवारपर्यंत पुन्हा करणं आमच्या गटाला शक्य नाही. गेली कित्येक वर्षं आरास समितीची जागा या काळात दुसऱ्या कशालाही दिलेली नाही.

कार्मेलच्या लायब्ररीतली खोली बघा. जेवण मी तिथे आणून देते.

विद्या

---

प्रेषक: निखिल
गुरुवार, सकाळी ११:२०

श्रीकांतकाका, कंपन्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त मुलांना एक सांगा. कंपनी मोठी आहे, पुण्यात आहे, म्हणजे इथे प्रत्येक जागेसाठी स्पॉन्सर करेलच असं नाही. ते वर्षागणिक आणि विभागागणिक बदलतं. फेअरच्या यादीत आणि हँडशेक या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक जागेसमोर बहुधा लिहिलेलं असतं. आदल्या रात्री ते बघून स्वतःची यादी करायची आणि त्या क्रमाने जायचं. मी शिकत होतो तेव्हा पर्ड्यूच्या मेमोरियल मॉल या हिरवळीवर फेअरचे तंबू लागायचे. आतली गर्दी, सप्टेंबरचं ऊन, अंगात कोट. दुपारी दोनपर्यंत मुलांचा आवाज बसलेला असतो. आपल्याला खरोखर हव्या त्या कंपन्या सकाळीच उरकाव्यात, पण पहिलाच बूथ सर्वांत आवडत्या कंपनीचा नको. आधी एखाद-दुसऱ्या ठिकाणी तोंड मोकळं करून घ्यावं.

संरक्षणाच्या कामाच्या कंपन्यांबद्दल कागदावर वेगळी ओळ हवी. आपल्या राज्यात त्या पुष्कळ आहेत. क्रेन गावच्या नौदल केंद्रातल्या नागरी नोकऱ्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. खासगी कंपन्यांत आयटार या शस्त्रनिर्यातीच्या नियमांखालची कामं असतात, ती "यूएस पर्सन" म्हणजे नागरिक, ग्रीनकार्डधारक, निर्वासित वगैरेंनाच करता येतात. तिथे नकार मिळाला तर तो मुलाच्या लायकीवरचा शेरा नसतो, कायदा आहे. पण मंडळातली इथेच वाढलेली मुलंही शनिवारी येणार आहेत, त्यांना या जागा खुल्या आहेत आणि ती तिकडे फिरकतही नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा कागद करा.

को-ऑपचंही, म्हणजे शिकताना मध्येच पूर्ण सेमिस्टरभर कंपनीत काम करण्याचंही, सांगायला हवं. साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय सीपीटी मिळत नाही. ऑगस्टमध्ये आलेल्यांना पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप चालते, जानेवारीपासूनचं को-ऑप बहुतेकांना नाही. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरलं की त्या डिग्रीचं ओपीटी गेलं. बूथवर "जानेवारीपासून येतो" असं उत्साहात कबूल करू नका, आधी विद्यापीठाच्या आयएसएस (परदेशी विद्यार्थ्यांच्या) ऑफिसला विचारा.

बऱ्याच मुलाखती फेअरच्या दुसऱ्याच दिवशी असतात. टीए (शिकवण्यात मदत करणारे) असलेल्यांनी प्रोफेसरांना आत्ताच सांगून ठेवा.

निखिल

---

प्रेषक: सुधीर
गुरुवार, दुपारी १२:४५

अनघा, मुलांनी खोटं बोलावं असं मी म्हणत नव्हतो आणि तसा अर्थ निघत असेल तर ते वाक्य मी मागे घेतो. अर्जावर खरंच लिहायचं. आय-९८३ चा मुद्दा बिनतोड आहे.

पण क्रमाचा माझा आग्रह कायम आहे. आपण होऊन काढायचं नाही. विचारलं की पूर्ण सांगायचं. तुझी चार वाक्यं छाप, पण वर ठळक अक्षरांत "विचारल्यावर" असं लिही. आणि एच-१बी शब्द आला की आपली मुलं मार्चमधली निवड, वर्षाचे ६५,००० व्हिसा आणि वरचे २०,००० असं सगळं समजावत बसतात. त्या नियमांत अलीकडे एवढी उलथापालथ झाली आहे की ते वकिलावरच सोडावं. बूथवर त्याची चर्चा नको.

सुधीर

---

प्रेषक: रेवती
गुरुवार, दुपारी २:१०

नमस्कार, मी शनिवारी येणाऱ्यांपैकी एक. काकांनी लिहिलेल्या कर्वेनगरच्या कॉलेजातलीच आहे!

अनघाताईंचं उत्तर बोलायला छान आहे, पण रांगेत उभं असतानाच क्यूआर कोड स्कॅन करून फॉर्म भरायला लावतात असं सीनिअर सांगतात. तिथे फक्त "हो" किंवा "नाही". चार वाक्यं लिहायची कुठे? आमच्या ग्रुपवर सकाळपासून हेच चाललंय आणि अर्धे जण "नाही" म्हणताहेत, कारण "हो" म्हटलं की कॉम्प्युटरच बाद करतो म्हणे.

दुसरं, पहिलंच सेमिस्टर असल्याने माझा इथला जीपीए नाही. पुण्याचा ८.६ आहे तो चारपैकी करून लिहू का? एका वेबसाइटवर ३.४ आला, दुसरीवर ३.८.

तिसरं, पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून बाबांचं नाव असल्यामुळे बॅजवर पहिलं नाव "रेवती सुरेश" येतंय. समोरचा मला सुरेश म्हणू लागला तर?

रेवती

---

प्रेषक: अनघा
गुरुवार, दुपारी ४:३०

रेवती, बरं झालं विचारलंस.

"आता किंवा पुढे" असं लिहिलं असेल तर "हो". काही फॉर्मवर इंटर्नशिपसाठी "या कालावधीत" एवढंच विचारलेलं असतं, तिथे सीपीटीवर येणाऱ्याचं खरं उत्तर "नाही" आहे. म्हणून प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. "अमेरिकेत काम करण्याचा अधिकार आहे का" हा तिसराच प्रश्न असतो, त्यात गोंधळू नका. काही ठिकाणी "हो"मुळे बाद व्हाल, हे खरं आहे. पण ती कंपनी तुम्हाला तीन वर्षांनंतर ठेवणारच नव्हती, हे आज कळलं. एवढ्यासाठी अर्जावर खोटी खूण करून तीन वर्षं धास्तीत काढायची का? ग्रुपवर माझ्या नावाने सांग.

सीजीपीए स्वतः बदलू नकोस. "८.६/१०" असाच लिही, खाली पुण्याच्या डिग्रीसमोर. एमएसच्या ओळीत फक्त पदवीचा अपेक्षित महिना आणि वर्ष. विचारलं तर "पहिलं सेमिस्टर चालू आहे" हे पुरेसं उत्तर आहे.

बॅजसाठी नोंदणीत आवडीचं नाव देता येतं का बघ, नाही तर बोलताना "मी रेवती" हे स्पष्ट सांग. रेझ्युमेवर नाव आणि आडनाव पुरे. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही नको. एक पान. बीईच्या प्रोजेक्टमध्ये चौघे होतात तर तू काय केलंस ते लिही, गटाने काय केलं ते नंतर. बाहा एसएई (गाडी बनवण्याची विद्यार्थी स्पर्धा) केलं असेल तर वरती घे, गाड्यांच्या कंपन्यांत ते सगळ्यांना कळतं.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांतकाका
गुरुवार, संध्याकाळी ५:१५

रेवती, वडिलांचं नाव बॅजवर आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. मी चाळीस वर्षं मधलं नाव लावतो आणि अभिमानाने लावतो.

कमिन्स कॉलेजची म्हणजे माझ्या टेबलावर तू पहिली. युरियाचं वाचून ये.

श्रीकांत

---

प्रेषक: मृणाल (युवा समिती)
गुरुवार, संध्याकाळी ७:००

मंडळी,

चौथा प्रश्न असा छापते आहे. वर ठळक "विचारल्यावर", खाली अनघाताईंची चार वाक्यं, त्याखाली "फॉर्मवर प्रश्न पूर्ण वाचून खरं तेच लिहा". निखिलची संरक्षण कंपन्यांची ओळ आणि को-ऑपचं मागच्या बाजूला. नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्या मुलांसाठी निखिल वेगळा कागद आज रात्री पाठवतोय.

विद्याताई, बेसमेंटबद्दल तुम्हाला आधी विचारायला हवं होतं हे खरं. लायब्ररीतली खोली सकाळी १० ते १ मिळाली आहे, मखराला कुणी हात लावणार नाही.

एक अडचण उरली. वेस्ट लाफायेतहून येणाऱ्या मुलांकडे गाड्या नाहीत. आय-६५ महामार्गावरून तासभर जाणं, तासभर येणं. दोन मोठ्या गाड्या हव्यात.

मृणाल

---

प्रेषक: सुधीर
गुरुवार, संध्याकाळी ७:२०

एक व्हॅन मी आणतो, सात जण बसतील. सकाळी साडेआठला पर्ड्यूच्या युनियनसमोर. मुलांनी बुटांसकट पूर्ण तयारीत यायचं, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. येताना गाडीत चार वाक्यं म्हणून घेतो.

---

प्रेषक: विद्या (गणेशोत्सव)
गुरुवार, संध्याकाळी ७:३५

दुसरी गाडी आमची घ्या, यांना पाठवते. उपासाची मुलं किती आहेत तेवढं मृणालने रात्री कळवावं, साबुदाणा भिजत घालायचा आहे.