गणेशोत्सव ग्रुप: कालच्या खेळाबद्दल (न बोलता अभिनय करायचा, बाकीच्यांनी ओळखायचं)

बी-३०४: सगळ्यांना नमस्कार. रात्रीच लिहिणार होते, पण रागात नको म्हणून थांबले. खालच्या पाटीवर 'मुक्यांचा खेळ' असं कोणी लिहिलं? माझा मुलगा ती पाटी वाचत उभा होता. चौथीत आहे तो, वाचता येतं त्याला. ऐकू येत नाही, एवढंच.

ए-१०२ (सचिव): ताई, चुकलं. मुलांनी घाईत लिहिलं, मी बघायला हवं होतं. आत्ता जाऊन पुसतो.

सी-४०१: ओठ हलवले की बाद, हे आधीच ठरलं होतं. 'राजवाडा'च्या वेळी डी विंगनं ओठ हलवले. ते २ गुण सी विंगचे आहेत.

ए-२०३: अहो काका, त्या कशाबद्दल बोलतायत आणि तुम्ही कशाबद्दल!

डी-१०१: हेतू कुणाचाच वाईट नव्हता. आम्ही लहानपणापासून असंच म्हणत आलो. दर वर्षी काहीतरी निघतंच. मागच्या खेपेला अंताक्षरी.

बी-३०४: काकू, अंताक्षरीच्या वेळी मी एवढंच म्हटलं होतं, की एक दिवस तरी माझ्या मुलाला खेळता येईल असं काही ठेवा. त्यावरून तर हा खेळ ठरला. आणि झालं काय? खेळ न बोलण्याचा, पण गप्प कुणीच नव्हतं. मागून ओरडून उत्तरं, माईकवरून सूचना, वेळ संपल्याची शिट्टी. शिट्टी झाली हे त्याला कसं कळणार? तो करतच राहिला आणि लोक हसले. घरी येऊन विचारतो, माझं काय चुकलं?

ए-२०३: ताई, मी अगदी पुढे बसले होते. काय केलं हो त्यानं! डाव्या हातात कणीस धरलं, एकेक पान सोललं, मग ते रेशमासारखे केस ओढून काढले, बोटाला चिकटलेले झटकले. मग किसणी, वरून खाली, वरून खाली. शेवटी लिंबू पिळून चाटून पाहिलं. भुट्ट्याचा कीस! आपल्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत उभी असल्यासारखं वाटलं मला. आमच्या विंगला ओळखता आलं नाही, कारण सगळे सिनेमाचं नाव शोधत बसले.

सी-४०१: कीस ठीक आहे. पण ओठ हलवले की बाद. सगळ्यांनी पाहिलंय.

डी-१०१: आमच्या ह्यांना नवी कवळी बसवलीय. ओठ हलतातच.

सी-२०५: मग कवळीला बाद करा.

डी-१०१: वडीलधाऱ्यांची थट्टा करायला हा ग्रुप नाही.

सी-२०५: सॉरी काकू. पोहे-जिलेबी आणलीय, सगळे खाली या. समोरासमोर बोलू.

ए-१०२ (सचिव): विषय एकच ठेवा, ही विनंती. आणि १२ खुर्च्या नेल्या होत्या, ११ परत आल्यात. कुणाकडे राहिलीय?

सी-३०२: रविवारी परत खेळूया, पण नीट. सिनेमे बंद. आजींना नवे माहीत नसतात, पोरांना जुने. चिठ्ठ्या इंदूरच्याच टाकू: तळलेले गराडू, छप्पन दुकानची खाऊगल्ली, रंगपंचमीची गेर म्हणजे मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखावे. शिट्टीऐवजी टॉर्च. शाळेत आम्ही आणखी एक घेतो: एक शब्द न बोलता वाढदिवसाच्या क्रमानं रांग लावायची. बोटांनी महिने दाखवताना अशी धमाल येते! आणि मोठ्यांसाठी 'द माइंड'. हा पत्त्यांचा खेळ २०१८ मध्ये जर्मनीत निघाला, पण घरी चिठ्ठ्यांवर खेळता येतो. १ ते १०० आकडे, पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक, दुसरीत दोन. चढत्या क्रमानं टाकायचे. बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. एकाकडे १८, दुसऱ्याकडे २०, आणि दोघं एकमेकांचे चेहरे बघत बसलेले! २० आधी पडला की तोटा सगळ्यांचाच, त्यामुळे विंगांची भांडणंही नाहीत.

सी-४०१: त्यातही ओठ हलवले की बाद?

सी-३०२: हो काका. त्यात तर भुवईही नाही.

बी-३०४: खूप छान आहे हे. मनापासून आभार. फक्त एक सांगायचंय. खेळातल्या खुणा म्हणजे माझ्या मुलाची भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तिची अक्षरं दोन्ही हातांनी करतात, अमेरिकेतली एका हातानं. २०२१ पर्यंत तिच्या कोशात १० हजार शब्द झाले होते. म्हणून 'तुझ्या मुलाला काय, सोपंच आहे' असं कृपया म्हणू नका. काल म्हटलं गेलं. तो २ दिवस आरशासमोर कणीस सोलत होता.

डी-१०१: ते मी म्हटलं होतं. कौतुकानं म्हटलं होतं. लागलं असेल तर राहिलं.

बी-३०४: लागलं काकू. तुम्ही त्याला जीव लावता म्हणूनच जास्त लागलं.

ए-१०२ (सचिव): पाटी पुसली. आता काय लिहू?

बी-३०४: 'न बोलता ओळखा'. तो म्हणतोय, मीच लिहितो. रंगीत खडू असू द्या.

डी-१०१: त्यांच्यात टाळ्या कशा वाजवतात?

बी-३०४: दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे.

डी-१०१: बरं. संध्याकाळी त्याला वर पाठव. मी काल मागे होते, कणीस सोललेलं मला दिसलंच नाही.

बी-३०४: पाठवते काकू.

सी-४०१: पाटीवर खाली एक ओळ लिहायला सांगा त्याला. ओठ हलवले की बाद.