शब्दचर्चा: एनएफएसमधले माउंट, एक्सपोर्ट आणि स्टेल

विचारणा (नांदेड)
संगणक प्रयोगशाळेसाठी एनएफएसची (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून क्लायंट मशीनवर वापरायची पद्धत) मराठी मार्गदर्शिका तयार होते आहे. 'माउंट'ला आरोहण, 'एक्सपोर्ट'ला निर्यात आणि 'स्टेल फाइल हँडल'ला शिळी फाइल-मूठ असे शब्द मसुद्यात आलेत. मुलांना ते कळत नाहीत, आणि जे कळतं ते चुकीचं कळतं. आज्ञा इंग्रजीच राहतील. समजावून सांगताना कोणता शब्द वापरावा?

परभणी
सर, माउंटसाठी 'बसवणे' आणि अनमाउंटसाठी 'उतरवणे' घ्या. हा शब्द मुळात हाताने करायच्या कामाचा. टेपचं रीळ किंवा डिस्कचा गठ्ठा यंत्रावर चढवायचा, मग तो वाचता यायचा. आपल्याकडे विहिरीवर मोटार बसवतात, दुरुस्तीला उतरवतात, अगदी तसंच.

लातूर
'जोडणे' सोपं नाही का? नेटवर्कवरचा फोल्डर आपल्या मशीनला जोडला, एवढंच तर आहे.

परभणी
'जोडणे'नेच घात होतो, भाऊ. जोडलं म्हटलं की दोन्हीकडचा माल एकत्र झाला असं वाटतं. पातेल्यावर दुसरं पातेलं बसवलं की खालचं झाकलं जातं, माउंट तसा असतो. ज्या डिरेक्टरीवर बसवला तिच्यातलं आधीचं सगळं दिसेनासं होतं; पुसलं जात नाही, उतरवलं की पुन्हा दिसतं.

हे नीट कळलं नाही की होणारी चूक अशी: सर्व्हर बंद असताना बॅकअपची स्क्रिप्ट चालते. माउंट झालेला नसतो, पण डिरेक्टरी रिकामी उभीच असते, म्हणून सगळा माल स्थानिक डिस्कवर पडतो. नंतर माउंट होतो आणि तो ढीग खाली झाकला जातो. मग 'डीएफ' (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) रूट डिस्क, म्हणजे मशीनची मुख्य डिस्क, शंभर टक्के भरली म्हणतं, आणि 'डीयू'ने (फोल्डरनिहाय जागा मोजणारी आज्ञा) शोधलं तर हिशेब लागत नाही. झाकलेलं बघायला रूट फाइलसिस्टिम बाइंड माउंटने (आधीच बसवलेलं दुसऱ्या जागीही दाखवायची सोय) दुसऱ्या जागी बसवून तिथून आत जायचं. ही वेळच येऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' आज्ञेने खात्री करा. शिवाय ती डिरेक्टरी रिकामी आणि उतरवलेली असतानाच तिच्यावर 'चॅट्टर'ने बदल-बंदीची खूण लावा. मग माउंट नसताना रूटलाही (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) तिथे लिहिता येत नाही.

बीड
'निर्यात' मात्र काढाच. निर्यातीत माल घराबाहेर जातो. इथे फाइली सर्व्हरवरच राहतात. कुणी कुठपर्यंत यायचं एवढंच ठरतं. शेतात बांधावरून शेजाऱ्याला वाट देतात ना, तसं. 'वाट देणे' म्हणा, किंवा नुसतं 'खुलं करणे'.

आणि वाट कुणाला दिली हे एका मोकळ्या जागेवर ठरतं, ते मार्गदर्शिकेत ठळक छापा. एक्सपोर्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव आणि त्यापुढचा पर्यायांचा कंस एकमेकांना चिकटून हवेत. मध्ये स्पेस पडली तर त्या मशीनला ठरावीक पर्याय मिळतात, म्हणजे फक्त वाचन. आणि कंसातलं वाचन-लेखन बाकी सगळ्या जगाला मिळतं. फाइल बदलल्यावर 'एक्सपोर्टएफएस' आज्ञा 'आरए' पर्यायासह चालवायची, आणि नंतर 'व्ही' पर्यायाने खरंच काय खुलं झालं ते वाचून बघायचं.

विचारणा (नांदेड)
'रूट स्क्वॉश'?

बीड
'रूटचा हुद्दा उतरवणे'. क्लायंटवरचा शून्य क्रमांकाचा वापरकर्ता सर्व्हरवर ६५५३४ म्हणजे 'नोबडी' होतो. म्हणून रूट असूनही फाइलीचा मालक बदलता येत नाही. बाकीच्यांचे क्रमांक जसेच्या तसे जातात, हेही सांगा ताई-दादांना. नेहमीच्या पडताळणीत नाव नाही, क्रमांक बघितला जातो; एका मशीनवरचा १००१ आणि दुसऱ्यावरचा १००१ वेगळी माणसं असली तर एकाच्या फाइली दुसऱ्याला उघडतात.

छत्रपती संभाजीनगर
आता 'स्टेल'. माझ्या मते इथे इंग्रजीने एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात आणि मराठीत त्या वेगळ्या ठेवता येतात. शिळी भाकर खाता येते. 'शिळं' म्हणजे ताजं नाही, पण चालतं. स्टेल हँडल मात्र कधीच चालत नाही. त्याला 'बाद' म्हणा.

हँडल म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल. रानाला गावात 'चिंचेचं रान' म्हणतात, तलाठ्याकडे गट नंबर असतो. पाथ (फाइलीचा नावानिशी पत्ता) हे गावातलं नाव, हँडल हा गट नंबर. त्यात साधारणपणे फाइलसिस्टिमची ओळख, आयनोड क्रमांक (डिस्कवरच्या फाइलीच्या नोंदीचा) आणि जनरेशन क्रमांक (ती नोंद नव्या फाइलीला दिली की बदलणारा) असतो. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत हँडल ठरलेल्या ३२ बाइटचं होतं, तिसरीत ६४ पर्यंत, चौथीत १२८ पर्यंत. सर्व्हरवर फाइलीचं नाव बदललं तरी हँडल चालतं, कारण गट नंबर तोच. फाइल पुसली आणि तोच आयनोड नव्या फाइलीला मिळाला, तर जनरेशन बदलतो आणि जुनं हँडल बाद होतं. लिनक्सवर ही त्रुटी क्रमांक ११६. सर्व्हरची डिस्क बदलून किंवा रीबूटनंतर फाइलसिस्टिमची ओळखच बदलली तर एकदम सगळी हँडलं बाद. म्हणून एक्सपोर्टमध्ये 'एफएसआयडी' (फाइलसिस्टिमची ओळख) पक्का लिहून ठेवतात. बाद झाल्यावर थांबून काही उपयोग नाही, उतरवून पुन्हा बसवायचं.

'शिळं' हा शब्द ॲट्रिब्यूट कॅशसाठी राखून ठेवा. फाइलीचा आकार, तारीख वगैरे क्लायंट स्वतःजवळ साठवतो: फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद, डिरेक्टरींसाठी ३० ते ६०. एका मशीनवर नवी फाइल केली आणि दुसऱ्यावर लगेच दिसली नाही, तर ते शिळं आहे. थोड्या वेळाने ताजं होतं. लिहिणाऱ्याने फाइल बंद केली आणि त्यानंतर वाचणाऱ्याने ती उघडली, तर नवा मजकूर मिळेल अशी एनएफएसची हमी आहे. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवली तर नाही.

लातूर
हे पटलं. शिळं असेल तर थांबा, बाद असेल तर पुन्हा बसवा. मुलांनाही शब्दावरूनच उपाय कळेल.

मग 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' माउंट? कडक-मऊ तर नको.

छत्रपती संभाजीनगर
'चिवट' आणि 'सोडून देणारा'. चिवट माउंट सर्व्हर परत येईपर्यंत विचारतच राहतो. लाइट जाऊन सर्व्हर बंद पडला की फाइल वाचणारा प्रोग्राम जागीच अडकतो. लाइट आली की जिथे होता तिथून पुढे चालतो. सोडून देणारा ठरलेल्या प्रयत्नांनंतर त्रुटी देतो, आणि ती न तपासणाऱ्या प्रोग्रामची फाइल अर्धवट लिहिलेली राहते. जिथे लिहायचं आहे तिथे चिवटच ठेवा. 'टाइमो'चा (उत्तराची किती वाट बघायची तो पर्याय) आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, हे विसरू नका. ६०० म्हणजे ६० सेकंद. ३० लिहिणाऱ्याला वाटतं अर्धा मिनिट, असतात ३ सेकंद.

परभणी
'स्टेटलेस'ला 'नोंद न ठेवणारा' म्हणता येईल. १९९५ ची तिसरी आवृत्ती तशी आहे: कोणती फाइल कुणी उघडली याची वही सर्व्हर ठेवत नाही, म्हणून रीबूटनंतर काही आठवायची गरजच नाही. कुलुपांची (फाइल एका वेळी एकानेच बदलावी म्हणून लावलेल्या लॉकची) नोंद तेवढी वेगळ्या सेवेकडे. चौथी आवृत्ती वही ठेवते. म्हणून तिथे 'लीज'ला 'मुदत' शब्द बसतो: लिनक्स सर्व्हरवर ९० सेकंद, क्लायंटने ती वाढवत राहायची. रीबूटनंतरही साधारण तेवढाच वेळ सर्व्हर जुन्या क्लायंटना आपापली कुलुपं परत सांगू देतो आणि नवी देत नाही. त्या दीड मिनिटात फाइल उघडायला उशीर लागला तर बिघाड समजून पुन्हा रीबूट करू नका. मुदत परत पहिल्यापासून मोजली जाते.

विचारणा (नांदेड)
बसवणे-उतरवणे, खुलं करणे, बाद, शिळं, चिवट, मुदत: हे घेतो. 'कर्नल' राहिला.

बीड
'कर्नेल' लिहा, सर. 'कर्नल' म्हटलं की फौजेतला अधिकारी. समजावताना ऑपरेटिंग सिस्टिमचा 'गाभा' म्हणा: एनएफएसचा क्लायंट गाभ्यातच बसतो, म्हणून 'एलएस' (यादी दाखवणारी) किंवा 'सीपी' (नक्कल करणारी) आज्ञेला फाइल नेटवर्कवरची आहे हे कळतसुद्धा नाही.