ग्रामपंचायतीचा पूर आराखडा: नमुना भरून झालाय, पण रात्री दोनला तो उपयोगी पडेल का?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. लोकसंख्या ३,२००, कुटुंबं ६४०. त्यातली २१० कुटुंबं सखल भागात आणि त्यांची मोठी जनावरं ३४०. मे संपायच्या आत आपत्ती व्यवस्थापन आराखडा वर द्यायचाय. आलेला नमुना भरलाय: समिती, फोन नंबर, पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी, ट्रॅक्टर-जेसीबीवाले, निवारा म्हणून 'जि. प. शाळा, क्षमता ५००'. कागद देखणा झालाय. पण पाणी चढायला लागलं की कुणी काय करायचं, हे त्यात कुठंच नाही.
माझे तीन प्रश्न. राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट आम्हाला कितपत लागू, आणि कोणती गल्ली कधी हलवायची हे कसं ठरवायचं? जनावरांपायी माणसं घर सोडत नाहीत, त्यावर काय? आणि ग्रामपंचायतीनं स्वतःची बोट घ्यावी असा सदस्यांचा आग्रह आहे, घ्यावी का?

लेव्हलची_नळी
३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, हे कसबा बावड्यातल्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आकडे. त्या ४३ फुटाला तुमच्याकडं पाणी उसातच असेल, नाहीतर कुणाच्या सोप्यात आलेलं असेल. तो आकडा आपल्या गावात उतरवून घ्यावा लागतो. त्याला यंत्र लागत नाही, गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते.

राजारामला २०१९ चा पूर ५५ फूट ७ इंचांवर गेला होता, २०२१ चा ५६ फूट ३ इंचांवर. गावात २०२१ ची पक्की रेघ शोधा. देऊळ, तालीम, शाळेची भिंत, जिथं वाद होणार नाही अशी जागा. तिथून नळी लावत प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत या. उंबरा रेघेच्या ४ फूट खाली असेल तर त्या घरात पाणी साधारण ५२ फूट ३ इंचांना शिरणार. तो आकडा दारावर ऑईल पेंटनं लिहा आणि यादीतही लिहा. घरं उंबऱ्याच्या क्रमानं लावली की गल्ल्यांचा क्रम आपोआप ठरतो. तो क्रम नकाशावरून काढला तर हमखास चुकतो, कारण एकाच गल्लीत जुनं घर खाली आणि नवं घर जोत्यावर असतं.

नळीत बुडबुडा राहिला की दोन-तीन इंचांची चूक पक्की. उन्हात नळी ताणू नका. रोज काम संपवताना फिरून पहिल्या रेघेवर या. एका इंचापेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवसाचं मोजमाप बाद. दोन माणसं आणि एक लिहिणारा असला तर २१० घरं आठवड्यात होतात.

आता गफलत कुठं होते ते सांगतो. राजारामला २०२१ चा पूर मोठा, पण सांगलीत आयर्विन पुलाला २०१९ चा मोठा होता, ५७ फुटांच्या वर. तुमच्या भिंतीवर २०१९ ची रेघ २०२१ च्या वर असेल, तर गावावर कृष्णेचा फुगवटा चालतो असं समजा. नरसोबाच्या वाडीच्या संगमाला कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. अशा वेळी राजारामला पाणी उतरतंय अशी बातमी येते आणि तुमच्याकडं चढतच असतं. म्हणून आराखड्यात आयर्विनचाही रकाना पाहिजे (इशारा ४०, धोका ४५).
शिवाय राजारामचा एक फूट म्हणजे गावातला एक फूट, हे पुराच्या माथ्याजवळ ठीक. खालच्या पातळीला हा हिशोब सुटतो. तेव्हा ओढ्याच्या मोरीवर (रस्त्याच्या छोट्या पुलावर) आणि एखाद्या पक्क्या खांबावर स्वतःच्या फूट-इंचाच्या खुणा रंगवा. ३९ पर्यंत दर तीन तासांनी, पुढं दर तासाला गावची आणि राजारामची पातळी शेजारी शेजारी वहीत लिहा. दोन पावसाळ्यांत तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होईल.

राधानगरी धरणाच्या ७ स्वयंचलित दरवाजांवरही लक्ष ठेवा. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक. आदेश निघायची वाट बघण्यात अर्थ नसतो.

गोठेकरी
वरच्या प्रतिसादात एक भर घालतो, आणि माझ्या मते ती उंबऱ्याच्या आकड्याहून महत्त्वाची आहे. जनावरांसाठी उंबरा बघायचाच नाही, रस्त्याचं सगळ्यात सखल ठिकाण बघायचं. पाणी नदीकडून समोरून येत नाही, ओढ्यातून मागून येतं. मोरी बुडाली की गावाचं बेट झालं. घरं कोरडी असतात म्हणून माणसं निवांत राहतात, आणि म्हैस काही बोटीत बसत नाही.

समजा मोरी राजारामच्या ४४ फुटांना बुडते. पाणी तासाला २ इंच चढलं तर ४ फुटांना २४ तास लागतात. म्हणजे जनावरं ४० ला निघाली पाहिजेत, दिवसाउजेडी, दावणीतून सुटून चालत. गाभण आणि वासरं आधी ट्रॉलीतून. आराखड्यात 'जनावरे: ४० फूट, माणसे: उंबऱ्याच्या आकड्याच्या २ फूट आधी' असे दोन वेगळे रकाने करा. एकच आदेश काढला की लोक म्हशीपाशी थांबतात.

छावणीचा हिशोब ३४० ला असा. हिरवा चारा माणशी नव्हे, जनावरी रोज १५ किलो धरला तर ५,१०० किलो, म्हणजे पाच टन. आठ दिवसांना ४० टन. जुलै-ऑगस्टात साखर कारखाने बंद, म्हणून वाढं (उसाचे शेंडे) मिळत नाही, उभा ऊस पाण्यात. तेव्हा पिंजर, कडबा, मुरघास यांची बोली मे महिन्यातच माळावरच्या गावाशी करून ठेवा. पाणी जनावरी ५० लिटर, म्हणजे रोज १७,००० लिटर. जागा जनावरामागं ४ चौरस मीटर आणि मध्ये वाटा, मिळून अर्धा ते पाऊण एकर. मुरमाड, उताराची. काळ्या रानात तिसऱ्या दिवशी चिखल होतो आणि खूर सडायला लागतात.

लोक परत गावात का जातात, हे फारसं कुणी लिहीत नाही: दूध. छावणीत सकाळ-संध्याकाळ संकलन झालं नाही तर लोक कॅन घेऊन पाण्यातून जातील. दूध संस्थेशी बोलून संकलनाची गाडी छावणीवर येईल असं आधी ठरवा. पेंडेची पोतीही त्याच गाडीतून येतात.
घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाआधी, आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर मालकाच्या नावासह यादीत. जनावर दगावलं तर भरपाईच्या वेळी ओळख पटवायला तोच कामाला येतो.

पंचगंगाकाठ
गोठेकरी दादा, आमची मोरी रंगवलेली नाही, उद्याच बघतो. निवाऱ्याचं पण कुणीतरी सांगा. शाळेला ८ खोल्या, प्रत्येकी २० बाय २५ फूट. ५०० हा आकडा मागच्या आराखड्यातून तसाच आलाय.

दप्तर
२० बाय २५ म्हणजे ५०० चौरस फूट, साधारण ४६ चौरस मीटर. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषात माणशी ३.५ चौरस मीटर आहेत. म्हणजे खोलीत १३ माणसं, आठ खोल्यांत १०४. तेही एखादी खोली स्वयंपाकाला आणि एखादी धान्याला न दिली तर. तुमचा ५०० चा आकडा बहुधा जेवणाच्या पंगतीवरून आलाय.

२१० कुटुंबं म्हणजे हजारभर माणसं. निम्म्याहून जास्त पै-पाहुण्यांकडं जातील असं धरून ४०० ची सोय करा. ६० बाय १०० फुटांचं मंगल कार्यालय मिळालं तर तिथं आणखी १५९. उरलेल्यांसाठी शेजारच्या उंच गावातली शाळा आत्ताच पत्र देऊन ठरवा, त्या गावच्या सरपंचांची सही घ्या. शौचालय ३० माणसांना एक, म्हणजे १४. शाळेत चार असतील तर फिरती मागवावी लागतील, बायकांची वेगळी आणि उजेडाच्या वाटेवर. पाणी पिण्याचंच धरलं तर माणशी ३ लिटर, स्वयंपाक आणि धुणं-भांडी धरून १५ लिटर: रोज ६,००० लिटर. जनावरांच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. टँकरचा हिशोब करताना लोक हेच विसरतात.

कायद्याचं थोडं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४१ नं ग्रामपंचायतीवर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, साधनं तयार ठेवणं आणि जिल्हा आराखड्याला धरून मदतकार्य करणं, ही कामं येतात. पण कलम ५० ची विनानिविदा तातडीची खरेदी सरपंचांच्या हातात नाही. तो अधिकार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा प्राधिकरणाचा. म्हणून टँकर, मंडप, डिझेल, चारा, जेसीबी यांचे दर मे महिन्यात मागवून ग्रामसभेत ठराव करून ठेवा. आणि शिबिरात प्रत्येक जेवणाला हजेरीपट, सहीसकट. लेखापरीक्षणाचा आक्षेप पूर ओसरून तीन वर्षांनी येतो, तेव्हा आठवणीवर भागत नाही.

पंचनाम्यासाठी एक रकाना आत्ताच वाढवा: घरात पाणी कधी शिरलं, कधी उतरलं. २०२२ ते २०२६ च्या निकषात कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० रुपये होते. घर वाहून गेलं नसेल, पूर्ण पडलं नसेल, तर ते दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं का हे बघतात. तासाची नोंद वहीत असली की वाद मिटतो. दगावलेल्या दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० होते. राज्याचा आदेश दर वेळी वेगळा निघतो, तो तेव्हा बघा.

काठावरचा
बोटीबद्दल माझं मत: घेऊ नका, निदान या वर्षी. बोट घेणं सोपं, चालवणारा आणि सांभाळणारा मिळणं अवघड. ११ महिने शेडमध्ये पडलेल्या रबरी बोटीला उंदीर लागतो, इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकटून बसतं, आणि ऐन वेळी दोरी ओढून ओढून हात दुखतात.
पाण्याखाली द्राक्षबागेच्या तारा, कुंपणं, उसाचा पाला. पाला पंख्याला गुंडाळला की आतली पिन तुटते, ती पिन चार रुपयांची असो की चाळीसची, खिशात नसली तर बोट प्रवाहाबरोबर जाते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. गर्दीला नाही म्हणणारा माणूस काठावर उभा नसेल तर बोट हाच धोका.

लेव्हलची_नळी
काठावरच्यांशी पूर्ण सहमत नाही. गाव बेट होत असेल तर आजारी माणूस, बाळंतीण बाहेर काढायला बाहेरून पथक येईपर्यंत थांबता येत नाही. घ्यायचीच तर हे पाळा: बसणाऱ्यांची संख्या बोटीवर रंगवलेली, तेवढीच जॅकेटं, जॅकेट नाही तर बसायचं नाही. दोन चालक, एप्रिलपासून महिन्यातून एकदा नदीत फेरी. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर लिटरला २० मिली तेल, पण आधी पुस्तिका बघा. सुट्या पिना सहा, एक कोयता, दोन वल्ही, ५० मीटर दोर. अंधार पडला की बंद. आणि ज्या मार्गावरून बोट जाणार तिथल्या तारांचा पुरवठा बंद केल्याचं महावितरणच्या माणसाकडून कानानं ऐकल्याशिवाय निघायचं नाही. पूर चढल्यावर तार डोक्याला लागेल इतक्या खाली असते.

काठावरचा
एवढं सगळं करणार असाल तर घ्या. मी नाही म्हणतोय ते फक्त बोट विकत घेऊन फोटो काढणाऱ्यांना.

टीसीएल
पाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. गाव वाचतं आणि जॅकवेल (नळाचं पाणी उपसायची नदीकाठची विहीर) बुडते, मग पूर उतरल्यावर पंधरा दिवस नळ कोरडे. कोष्टकात जॅकवेलचाही फूट घाला: त्याच्या ३ फूट आधी टाक्या काठोकाठ भरायच्या, १ फूट आधी वीज तोडून स्टार्टर आणि पॅनेल बोर्ड काढून वर न्यायचं. मोटर निघत असेल तर मोटरही. बुडालेली मोटर वाळवल्याशिवाय चालू केली की वाइंडिंग जळतं.

विहिरीचं पाणी लिटरमध्ये काढायला: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, सगळं मीटरमध्ये. ४ मीटर व्यास, ५ मीटर पाणी म्हणजे ६२,८०० लिटर. रोजचा डोस १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे ३१४ ग्रॅम. पुराचं पाणी गेलेल्या विहिरीला हा डोस पुरत नाही. आधी उपसा, गाळ काढा, मग दुप्पट डोसनं सुरुवात करून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी) बघत वाढवा. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना तळाला बसू द्या, वरचं पाणी तेवढंच विहिरीत. अर्ध्या तासानं ओटी पिवळी आली नाही तर पुन्हा. गेल्या वर्षीचं उघडं पोतं वापरू नका, क्लोरीन उडून गेलेला असतो आणि तुम्ही नुसता चुना ओतत बसता.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. मोरीवर खुणा आणि नळीचं काम पहिल्या आठवड्यात लावतोय. अडचण एकच: तालमीला मागच्या वर्षी रंग दिला, देवळाला फरशी लावली. २०२१ ची रेघ कुठंच दिसत नाही.

लेव्हलची_नळी
रंगाखाली गेली तरी पुसली गेलेली नसते. पंचनाम्याच्या वेळचे फोटो मागवा. त्यात वीजमीटरची पेटी, खिडकीचे गज, कोनाडा यांच्या मापानं रेघ सापडते. घराच्या मागच्या बाजूला, गोठ्याच्या आतल्या भिंतीला, विहिरीच्या कठड्याला सहसा कुणी रंग देत नाही, तिथं गाळाचा पट्टा असतो. काहीच नाही मिळालं तर वेगवेगळ्या तीन घरांतल्या माणसांना एकमेकांना न सांगता आपापल्या भिंतीवर खडूनं खूण करायला सांगा आणि नळीनं तिन्ही जुळवून बघा. दोन जुळतील आणि तिसरी अर्धा फूट वर निघेल. वरची सोडा.